उंदराच्या मेंदूतला जीएसके-३बीटा कसा मोजावा

अल्झायमरमध्ये टाऊ प्रथिनावर जादा फॉस्फेट चढवणाऱ्या कायनेज विकरांपैकी जीएसके-३बीटा हे महत्त्वाचे. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिने जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून, पडद्यावर उतरवून अँटिबॉडीने ओळखण्याची पद्धत) ते तपासताना निकाल पहिल्या काही मिनिटांतच बिघडू शकतो. ऊती काढताक्षणी द्रव नायट्रोजनमध्ये गोठवा. उशीर झाला की फॉस्फटेज विकरे फॉस्फेट उतरवत राहतात. भूल दिलेल्या उंदराचे तापमान ३७ अंश सेल्सिअसवर टिकवा. शरीर थंडावले की पीपी२ए हे फॉस्फटेज मंदावते आणि टाऊवरचे फॉस्फेट रोगाशिवायच वाढते. हे फार जण विसरतात.

ऊती बर्फावर, रिपा बफरमध्ये (पेशी फोडणारे द्रावण) वाटून घ्या. त्यात प्रथिने तुटू नयेत म्हणून प्रोटिएज रोधक, आणि फॉस्फटेज रोखायला १० मिलिमोलर सोडियम फ्लोराइड आणि १ मिलिमोलर ऑर्थोव्हॅनडेट हवेच. व्हॅनडेट आधी पीएच १० ला, रंग जाईपर्यंत उकळून घेतलेले असावे. १० टक्के जेल, प्रत्येक खाचेत २०-३० मायक्रोग्रॅम प्रथिन. ब्लॉकिंगला (पडद्यावरच्या मोकळ्या जागा झाकायला) दूध नको: त्यातले केसीन स्वतःच फॉस्फेटयुक्त, त्यामुळे पार्श्वभूमी काळवंडते. टीबीएसटीमध्ये (ट्वीन मिसळलेले खारट ट्रिस बफर) ५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन), एक तास.

जीएसके-३बीटाच्या सेरीन-९ वरचे (नवव्या स्थानावरचे सेरीन हे अमिनो आम्ल) फॉस्फेट ओळखणारी अँटिबॉडी वापरली तर पट्टा साधारण ४७ किलोडाल्टनला दिसेल. या जागी फॉस्फेट म्हणजे कायनेजला लगाम! पट्टा फिका झाला तर क्रियाशीलता वाढल्याची शक्यता धरा, पण एकूण जीएसके-३बीटाच्या पट्ट्याने भागल्यानंतरच.