लिंकेज नकाशा उगाच लांबतोय? या चुका टाळा

नवा मार्कर (डीएनएवरची ओळखीची खूण) घातला की गुणसूत्राचा लिंकेज नकाशा, म्हणजे कुटुंबांतल्या वारशावरून काढलेला मार्करांचा क्रम आणि अंतरं, दरवेळी एक-दोन सेंटिमॉर्गनने (या नकाशावरच्या अंतराचं एकक) वाढतोय? मग गुणसूत्राला दोष देऊ नका, आधी जिनोटाइप (प्रत्येक मार्करचं वाचन) तपासा.

आईकडून मुलाला आलेल्या गुणसूत्रावर ओळीने पाच मार्कर आहेत, दोन शेजाऱ्यांमध्ये एकेक सेंटिमॉर्गन, म्हणजे मध्ये क्रॉसओव्हर (आजी-आजोबांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल) होण्याची साधारण १ टक्का शक्यता. प्रत्येक मार्कर आईच्या आईकडचा की वडिलांकडचा, याचं वाचन येतं: आजोबा, आजोबा, आजी, आजोबा, आजोबा. मधली ‘आजी’ खरी असायची तर तिच्या दोन्ही बाजूंना क्रॉसओव्हर व्हायला हवा, म्हणजे १०,००० मध्ये १ शक्यता. त्यात एका क्रॉसओव्हरच्या शेजारी दुसरा सहसा होत नाही, म्हणून प्रत्यक्षात त्याहूनही कमी. क्वचित जीन कन्व्हर्जनमुळे (एका गुणसूत्राचा छोटा तुकडा जोडीच्या गुणसूत्रावर नकलला गेल्याने) असं दिसतं, पण बहुतेक वेळा ते वाचनच चुकलेलं असतं. एक चूक दोन खोटे क्रॉसओव्हर घालते, त्यामुळे १ टक्का चुकाही मार्करमागे सुमारे २ सेंटिमॉर्गन वाढवतात.

मेंडेलच्या नियमांची तपासणी (मुलाचं वाचन पालकांकडून येऊ शकतं का, हे पाहणं) केली म्हणून निर्धास्त राहू नका. मुलाला आजीचा अ‍ॅलील (मार्करचं रूप) मिळणं नियमात बसतंच, त्यामुळे ही चूक तिथून सहज निसटते. दुहेरी क्रॉसओव्हरची यादी काढा आणि ते नमुने पुन्हा चालवा. न बघता नोंदी पुसणं मला अजिबात पटत नाही. खरा क्रॉसओव्हरही त्यात जातो.

एकाच मुलाचे मार्कर सगळ्या गुणसूत्रांवर पालकांशी जुळत नसतील, तर नळ्यांची अदलाबदल झाली असेल किंवा नोंदवलेलं नातं वेगळं असेल. त्या मुलाला विश्लेषणातून वगळा आणि ही बाब गोपनीय ठेवा. ती त्या कुटुंबाची खासगी गोष्ट आहे.

पुनर्संयोजनाचं प्रमाण (दोन मार्करांपैकी एक आजीकडून, दुसरा आजोबांकडून येण्याचं प्रमाण) म्हणजे अंतर नव्हे. २० टक्के पुनर्संयोजनाला हाल्डेनच्या सूत्राने २५.५ सेंटिमॉर्गन येतात, तर दामोदर धर्मानंद कोसंबींच्या १९४४ च्या सूत्राने २१.२, कारण कोसंबींनी इंटरफिअरन्स (एक क्रॉसओव्हर शेजारच्या दुसऱ्याला रोखतो, हे) धरला आहे. कोणतं सूत्र वापरलं ते लिहिलं नाही, तर दोन नकाशांची तुलनाच होत नाही.

स्त्री-पुरुषांची सरासरी काढून मोकळं होणंही महागात पडतं. आइसलँडच्या १४६ कुटुंबांवरून २००२ मध्ये केलेल्या नकाशात स्त्रियांची लांबी सुमारे ४,४६० सेंटिमॉर्गन होती, पुरुषांची २,५९०.

राहिला क्रम. कुटुंबं थोडी असतील तर जवळच्या मार्करांचा क्रम ठामपणे ठरत नाही. दोन क्रमांच्या शक्यतांमध्ये १,००० पटींचा फरक नसेल तर ते मार्कर नकाशावर एकाच जागी दाखवा.