चिप कंपनीच्या विलीनीकरणाची घोषणा कशी वाचावी: आधी जुनी गिऱ्हाइके मोजा

ग्राफिक्स चिपची कंपनी दुसरी कंपनी विकत घेते, तेव्हा 'ब्रँड मोठा आहे, घेऊन ठेवा' असा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. घोषणेचे कागद स्वतः वाचा. इथे थ्रीडीएफएक्स या ग्राफिक्स चिपच्या जुन्या अमेरिकी कंपनीचे उदाहरण घेतो, कारण त्याचा शेवट आता समोर आहे.

कागद मिळवणे सोपे आहे. अमेरिकी कंपन्यांचे अहवाल तिथल्या बाजार नियामकाच्या 'एडगर'वर फुकट मिळतात. वार्षिक अहवाल म्हणजे १०-के. शेअर देऊन विलीनीकरण होणार असेल तर एस-४, म्हणजे त्या नव्या शेअरच्या नोंदणीचा अर्जही काढा.

मग मोबदला रोख आहे की शेअरमध्ये, ते बघा. नवे शेअर निघणार असतील तर आपला हिस्सा किती घटेल याचा हिशोब करा आणि पुढे चला.

खरी मेख पुढे आहे. थ्रीडीएफएक्स फक्त चिप विकत असे. त्या चिपवर कार्ड (संगणकात बसवायचे ग्राफिक्स कार्ड) बनवून दुकानांत पोहोचवायचे काम डायमंड, क्रिएटिव्ह अशा कंपन्या करत. डिसेंबर १९९८मध्ये थ्रीडीएफएक्सने एसटीबी सिस्टिम्स ही कार्डे बनवणारी कंपनी शेअरच्या बदल्यात घेण्याचे जाहीर केले. एसटीबीचा मेक्सिकोत ह्वारेझला कारखाना होता. आता चिपही आपली, कार्डही आपले आणि दुकानातला नफाही आपला, असा विचार. पण त्यामुळे कालची गिऱ्हाइके प्रतिस्पर्धी झाली. व्हूडू३ या आपल्या नव्या चिपची कार्डे थ्रीडीएफएक्सने स्वतःच विकली, आणि क्रिएटिव्ह, डायमंड प्रतिस्पर्धी एनव्हिडियाच्या चिपवरच्या कार्डांवर भर देऊ लागल्या.

म्हणून १०-केमध्ये ज्यांच्याकडून दहा टक्क्यांहून जास्त विक्री येते ते ग्राहक शोधा. उद्या यांच्याशीच स्पर्धा होणार का, हे प्रत्येक नावापुढे लिहा. उत्तर 'हो' असेल तर ती विक्री पूर्ण वजा करा, अर्धी नाही. मग विकत घेतलेल्या कंपनीकडे वळा. एसटीबी एनव्हिडियाच्या रिव्हा १२८ चिपवरची कार्डेही विकत असे, म्हणजे तिकडूनही वजाबाकी आलीच. दोन्ही कंपन्यांच्या विक्रीची नुसती बेरीज करून दाखवलेला आकडा मी कधीच धरत नाही, तुम्हीही धरू नका. २००६मध्ये इंटेलची प्रतिस्पर्धी असलेल्या एएमडीने एटीआय ही ग्राफिक्स चिपची कंपनी घेतली, तेव्हा इंटेलच्या प्रोसेसरसाठी चिपसेट बनवण्याचा एटीआयचा धंदा असाच गेला.

दुसरा धोका दुकानातला, आणि यात मी स्वतः पैसे घालवले आहेत. एका हार्डवेअर कंपनीची तिमाही विक्री झपाट्याने वाढलेली पाहून मी शेअर घेतले. माल वितरकांच्या गोदामात गेला होता, गिऱ्हाइकाच्या घरी नाही. पुढच्या तिमाहीत तो परत आला आणि भाव कोसळला. तेव्हापासून मी येणी (विकलेल्या मालाचे अजून न आलेले पैसे) विक्रीपेक्षा वेगाने वाढताहेत का, ते आधी बघतो. मग मालसाठ्याला तिमाहीतल्या विकलेल्या मालाच्या खर्चाने भागून ९०ने गुणतो. साठा किती दिवसांचा आहे ते त्यातून कळते. हे दिवस दोन तिमाह्या सलग वाढले तर मी त्या शेअरला हात लावत नाही. तळटिपांत 'प्राइस प्रोटेक्शन' हा शब्दही शोधाच. नवी चिप आली की दुकानात पडून असलेल्या जुन्या कार्डाची किंमत उतरते आणि तो फरक कंपनीला दुकानदाराला भरून द्यावा लागतो. चिप कंपनी कार्डे विकू लागली की हा बोजा तिच्याच अंगावर येतो.

नवा माल वेळेवर येतोय का, तेही बघा. थ्रीडीएफएक्सचे व्हूडू५ २०००च्या मध्यावर आले. एनव्हिडियाचे जीफोर्स २५६ १९९९मध्येच बाजारात होते. १५ डिसेंबर २००० रोजी थ्रीडीएफएक्सने आपली मुख्य मालमत्ता एनव्हिडियाला विकण्याचे जाहीर केले.

घोषणेच्या दिवशी खरेदी करू नका. विलीनीकरणानंतरचा पहिला १०-के येऊ द्या आणि त्यातली ग्राहकांची यादी जुन्या यादीशेजारी ठेवून वाचा.