योजना आणि करसवलत: गरिबी, विषमतेवरचा परिणाम कसा मोजायचा?

नवी योजना जाहीर झाली की चर्चा ‘किती कोटी?’ इथेच अडते. परिणाम मोजायचा तर एका घराच्या हिशेबापासून सुरुवात करा.

पाच माणसांचं घर, महिन्याची मिळकत 10,000 रुपये, म्हणजे डोई 2,000. दारिद्र्यरेषा हिशेबापुरती डोई 2,600 धरा. घरातल्या एका बाईला लाडकी बहीण योजनेचे 1,500 आले की डोई 300 वाढतात. घर 2,300 वर येतं, रेषेखालीच राहतं. नुसती गरीब माणसं मोजली तर योजनेचा परिणाम शून्य दिसेल. पण रेषेपासूनची तूट 600 वरून 300 वर आली, निम्मी झाली! म्हणून तूट मोजल्याशिवाय योजनेला फुकट गेली म्हणू नका. सासू-सून दोघी पात्र असतील तर 3,000 येतात आणि घर नेमकं रेषेला टेकतं.

आता रेशन. प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो धान्य 2023 पासून मोफत आहे. पाच जणांचं 25 किलो, किलोला 30 रुपये धरले तर 750. हे मिळकतीत धरायचं की नाही ते आधीच ठरवा आणि योजनेआधीच्या व नंतरच्या दोन्ही हिशेबांत तेच पाळा. 2023-24 च्या घरगुती उपभोग खर्चाच्या सरकारी पाहणीत मोफत वस्तूंची किंमत धरून आणि न धरता, असे दोन्ही आकडे आहेत. त्यांची सरमिसळ सर्रास होते. शिवाय ही पाहणी खर्चाची आहे, मिळकतीची नाही. त्यामुळे आयकराचा हिशेब वेगळा बसवावा लागतो.

करसवलतीकडे येऊ. नव्या करप्रणालीत 12 लाखांच्या करपात्र उत्पन्नावर 2024-25 मध्ये उपकर सोडून 80,000 रुपये कर होता. 2025-26 पासून पगारासारख्या नेहमीच्या उत्पन्नावर तो शून्य झाला. लाडकी बहीणचे वर्षाला 18,000 होतात. रुपयांत करसवलत चौपटीहून मोठी, पण उत्पन्नाच्या टक्क्यांत ती 6.7 भरते, तर सुरुवातीच्या 10,000 मिळकतीच्या घराला एका बाईमागे 15 टक्के मिळतात. गिनी गुणांक, म्हणजे विषमता मोजणारा आकडा, एकूण मिळकतीतल्या सापेक्ष वाट्यावर चालतो, म्हणून दोन्ही घरांतली विषमता त्यात घटलेली दिसेल. रुपयांतलं अंतर मात्र 62,000 नी वाढलेलं असेल. दोन्ही आकडे शेजारी मांडा. एकच दाखवणं ही वाचणाऱ्याची फसवणूक आहे. आधीच आयकर न भरणाऱ्या घराला या सवलतीतून थेट काहीच मिळत नाही, हेही लिहा. आणि सवलतीचा पैसा कुठल्या खर्चातून कापला जाणार, ते धरल्याशिवाय हिशेब अर्धाच राहतो.

पात्रतेची कडा तपासायला विसरू नका. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न लाडकी बहीणच्या मर्यादेइतकं, म्हणजे 2,50,000 असेल तर 18,000 धरून 2,68,000 होतात. शेजारचं 2,51,000 वालं घर तिथेच राहतं आणि मागे पडतं. कडेजवळची घरं सरासरीत दिसत नाहीत, ती वेगळी काढावी लागतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पात्र तेवढे लाभार्थी धरणं. आधार बँक खात्याला जोडलेलं नसेल, ई-केवायसी अडली असेल तर पैसे येत नाहीत, आणि बहुधा सर्वांत गरीब घरंच इथे अडतात. हिशेब 100, 80 आणि 60 टक्के लाभ पोचल्याचं धरून तीनदा करा. मग रेषा थोडी वर-खाली सरकवून पाहा: 2,650 केली तर सासू-सुनेचं ते घर पुन्हा गरिबांत मोजलं जातं.