पाळत न ठेवणाऱ्या ॲपला तक्रार कशी कळवावी

नोंदी लिहून ठेवायचं एक ॲप मी बरीच वर्षं वापरते. सगळं फोनमध्येच कुलूपबंद राहतं, ॲप बनवणाऱ्यालाही काही वाचता येत नाही, म्हणून तर ते निवडलं. एकदा त्यातला शोध चालेनासा झाला. मी 'लॉग तयार करा' (लॉग म्हणजे ॲपने स्वतःच्या कामाची ठेवलेली नोंद) दाबलं आणि निघालेली फाईल जशीच्या तशी त्यांच्या सार्वजनिक तक्रार-यादीत चिकटवली. दोन दिवसांनी कुणीतरी खाली लिहिलं, 'बाई, लॉग काढा आधी. नोंदींची शीर्षकं दिसतायत.' बघते तर 'राजीनामा, कच्चा मसुदा' ही ओळ साऱ्या जगासाठी उघडी. ॲपने इमानेइतबारे झाकलेलं मीच चव्हाट्यावर आणलं होतं.

तरी तक्रार करायची सोडू नका. इतर बहुतेक ॲप्स तुम्ही कुठलं बटण दाबलं, कुठे अडलात, कधी बंद पडलं, हे परस्पर कंपनीला कळवत असतात. खासगीपणा जपणारं ॲप हे करत नाही, निदान न विचारता तरी करत नाही. त्यामुळे ते बनवणारी माणसं या बाबतीत आंधळी असतात. तुम्ही गप्प बसलात तर त्यांच्या लेखी सगळं आलबेल असतं. आणि बोलून फरक पडतो. २०२१ साली ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रामात वापराची माहिती गोळा करायचा प्रस्ताव आला तेव्हा वापरणाऱ्यांनी इतका आरडाओरडा केला की तो मागे घ्यावा लागला. आपला फोन नंबर समोरच्याला दिसू नये, ही सिग्नल या संदेशांच्या ॲपच्या वापरकर्त्यांची जुनी मागणी होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये युजरनेमची सोय आली, तेव्हा ती पुरी झाली.

पायरी १ : तक्रार कुठल्या जातीची आहे ते ठरवा

बटण चालत नाही, अक्षरं कापली जातात, अमुक सोय हवी, असलं सगळं चारचौघांत लिहायला हरकत नाही. पण एखाद्या खोडीमुळे दुसऱ्याचे संदेश वाचता येतायत किंवा पासवर्डशिवाय ॲप उघडतंय असं आढळलं, तर ते सार्वजनिक ठिकाणी अजिबात लिहू नका. दुरुस्ती व्हायच्या आत चोराला वाट दाखवल्यासारखं होईल. अशा वेळी प्रकल्पाचा, म्हणजे ॲप बनवणाऱ्यांचा, सुरक्षेसाठीचा वेगळा ईमेल शोधा. बऱ्याच संकेतस्थळांवर 'सिक्युरिटी डॉट टीएक्सटी' नावाची छोटी फाईल असते, तिच्यात हाच पत्ता दिलेला असतो. २०२२ पासून या फाईलला आरएफसी ९११६ या दस्तऐवजाने (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे तांत्रिक संकेत मांडणारे दस्तऐवज) ठरीव रूप दिलं आहे.

पायरी २ : कोऱ्या खात्यात खोडी पुन्हा घडवून पाहा

ही पायरी सगळे टाळतात, आणि निम्मा घोळ त्यातूनच होतो. शक्य असेल तर नवं, रिकामं खातं उघडा. त्यात 'नोंद एक', 'नोंद दोन' अशी बिनकामाची माहिती भरा आणि तीच गडबड होते का बघा. झाली, तर पुढचे सगळे स्क्रीनशॉट आणि लॉग याच खात्यातून काढा. झाकायला काही उरतच नाही. नाही झाली, तर तेही कळवण्याजोगं आहे : गडबड तुमच्या जुन्या साठ्यात कुठेतरी आहे. माझा शोध नेमका असाच निघाला, कोऱ्या खात्यात ठणठणीत.

पायरी ३ : स्क्रीनशॉट साफ करा

आपण मधला भाग बघतो, वाचणारा कडा बघतो. वरच्या पट्टीत आलेली सूचना, ब्राउझरच्या उघड्या टॅबची नावं, कोपऱ्यातला प्रोफाइल फोटो, कीबोर्डने सुचवलेले शब्द. फोन 'व्यत्यय नको'वर टाकून मगच स्क्रीनशॉट घ्या.

झाकायचं ते गडद, सपाट चौकोनाने झाका. धूसर केलेला किंवा चौकड्या पाडलेला मजकूर काही वेळा परत ओळखता येतो. फोनमधला मार्कर तर पुष्कळदा अर्धपारदर्शक असतो. दोन-तीन हात मारले की आपल्याला काळंकुट्ट दिसतं, पण कुणी चित्राचा उजळपणा वाढवला की खालचे आकडे हळूच डोकं वर काढतात. स्वतःच्याच एखाद्या चित्रावर करून बघा, चांगलाच धक्का बसतो.

नुसतं कापूनही भागेल असं नाही. मार्च २०२३ मध्ये उघड झालं की गुगलच्या पिक्सेल फोनमधल्या संपादकात कापलेला स्क्रीनशॉट जुन्या फाईलवरच लिहिला जायचा, पण फाईलची शेपटी मात्र छाटली जात नसे. त्या शेपटीतून कापलेल्या चित्राचा काही भाग परत मिळवता यायचा. विंडोजच्या स्निपिंग टूलमध्येही तसाच दोष सापडला. दोन्हीकडे दुरुस्ती झाली, पण आधी पाठवलेली चित्रं जिथे होती तिथेच राहिली. मी आता एक साधी युक्ती करते : कापून, झाकून झालं की तो स्क्रीनशॉट पडद्यावर उघडून त्याचाच स्क्रीनशॉट घेते आणि तो पाठवते. नव्या फाईलमध्ये पडद्यावर दिसतं तेवढंच उतरतं.

दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो काढणार असाल, तर फोटोत ठिकाणाची नोंद जाऊ शकते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ती आधी बंद करा.

पायरी ४ : लॉग वाचल्याशिवाय पाठवू नका

लॉग म्हणजे ॲपने स्वतःपुरती लिहिलेली रोजनिशी. चांगली ॲप्स ती पाठवण्याआधी तुम्हाला दाखवतात. सिग्नल पडद्यावर दाखवतं, शिवाय फोन नंबरसारख्या गोष्टी त्यातून खोडून टाकतं. सगळीच एवढी काळजी घेत नाहीत. फाईल साध्या मजकूर-संपादकात उघडा आणि एकेक शोधा : तुमचं नाव, आडनाव, ईमेल, फोन नंबरचे शेवटचे चार आकडे. संगणकावरच्या फाईलच्या पत्त्यात वापरकर्त्याचं नाव असतं, म्हणजे बहुधा तुमचंच. ते प्रत्येक ओळीत येतं आणि सवयीने नजरेतून सुटतं. 'बदला' वापरून सगळीकडे 'अबक' करून टाका. मधल्या ओळी उडवू नका, वेळा आणि त्यांचा क्रम तसाच ठेवा. प्रोग्रामरचं खरं काम त्यावरच चालतं. मग गडबड झाली त्याच्या मागचापुढचा एखादा मिनिट ठेवा आणि बाकीचा गाळा.

दोन फाईलींपासून मात्र जपून. प्रोग्राम कोसळतो तेव्हा त्याच्या स्मृतीची (मेमरीची) जी प्रत निघते, तिच्यात त्या क्षणी उघडं असलेलं काहीही असू शकतं, अगदी पासवर्डसुद्धा. दुसरी, ब्राउझरची 'हार' फाईल. संकेतस्थळाशी झालेली सगळी देवाणघेवाण तिच्यात असते आणि त्यासोबत लॉगइनच्या कुकीही, म्हणजे पासवर्ड न विचारता आत सोडणाऱ्या छोट्या खुणा. ऑक्टोबर २०२३ मध्ये कंपन्यांना लॉगइनची सेवा पुरवणाऱ्या ऑक्टा या कंपनीच्या ग्राहक-मदत यंत्रणेत हल्लेखोर शिरले, तेव्हा ग्राहकांनी मदतीसाठी म्हणून दिलेल्या अशाच फाईली त्यांच्या हाती लागल्या. त्यातल्या कुकी वापरून ते काही ग्राहकांच्या खात्यांत घुसले. ही फाईल मागितलीच, तर कुकी गाळून द्या आणि पाठवून झालं की त्या खात्यातून सगळीकडून लॉगआउट करा.

पायरी ५ : लिहा

एका तक्रारीत एकच गोष्ट. 'शोध नीट चालत नाही, कृपया लक्ष द्या' यातून कुणाला काही कळत नाही. त्याऐवजी असं :

'आवृत्ती अमुक, अँड्रॉइड तमुक. शोधात दोन शब्द टाकले. दोन्ही शब्द असलेली नोंद यायला हवी होती. यादी रिकामी आली. एकच शब्द टाकला की येते. कोऱ्या खात्यात हे होत नाही, जुन्या खात्यात दर वेळी होतं.'

सहा वाक्यं, आणि त्यात तुमच्याबद्दल काहीही नाही. फोनचं मॉडेल विचारलं तरच सांगा. तक्रार-यादीवर खातं उघडण्यासाठी नेहमीचा ईमेल न देता उपनावाचा पत्ता द्या. बऱ्याच ईमेल सेवांत असा पत्ता काढता येतो आणि नको झाला की बंद करता येतो.

पायरी ६ : डेटाच्या मालकीची तक्रार पुराव्यानिशी करा

'तुमचा डेटा तुमचा' असं सगळीच ॲप्स म्हणतात. म्हणून मी वर्षातून एकदा परीक्षा घेते. सगळी माहिती बाहेर काढायची. निघालेली फाईल दुसऱ्याच प्रोग्रामात उघडायची. रिकाम्या खात्यात ती परत भरायची आणि काय गळलं ते मोजायचं. संपर्क व्हीकार्डमध्ये, तारखा आयसीएसमध्ये, तक्ते सीएसव्हीमध्ये, म्हणजे इतर प्रोग्रामांनाही उघडता येणाऱ्या रूपांत, निघाले तर उत्तम. त्यांचंच ॲप उघडू शकेल अशी फाईल मिळाली, तर ती बॅकअप झाली, मालकी नव्हे. तक्रारीत आकडे लिहा : इतक्या नोंदी होत्या, इतक्या परत आल्या, जोडलेली चित्रं आली नाहीत, नोंदींच्या तारखा सगळ्या आजच्या झाल्या.

डेटा कंपनीच्या सर्व्हरवर असेल आणि कंपनीला जीडीपीआर हा युरोपचा खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू असेल, तर ही विनंती कायद्याच्या भाषेतही करता येते : कलम १५ खाली स्वतःच्या माहितीची प्रत, कलम १७ खाली ती पुसणं, कलम २० खाली ती दुसरीकडे नेता येईल अशा रूपात मिळणं. उत्तराची मुदत एक महिना, गुंतागुंतीच्या प्रकरणात आणखी दोन. तारीख टाकून लेखीच मागा.

पायरी ७ : पाठवल्यानंतर

सार्वजनिक यादीत मजकूर टाकला की त्या यादीवर नाव नोंदवलेल्यांना तो ईमेलने लगेच जातो. नंतर बदल केलात, तरी अनेक ठिकाणी जुनी प्रत इतिहासात दिसत राहते. चुकून काही गेलंच, तर खोडण्यावर विसंबू नका. पासवर्ड असेल तर तो बदला, आणि प्रकल्प सांभाळणाऱ्यांना इतिहासातूनही काढायला सांगा. मी तेच केलं, त्यांनी तासाभरात काढलं.

दुरुस्ती आली की वापरून बघा आणि त्याच तक्रारीखाली आवृत्ती लिहून 'चालतंय' किंवा 'अजून नाही' एवढं कळवा. माझ्या तक्रारीनंतरच्या आवृत्तीत लॉगमधल्या शीर्षकांच्या जागी नुसते क्रमांक आले. दोन शब्दांचा शोध मात्र अजून चालत नाही. ती तक्रार उघडीच आहे.