ह्यूस्टनमध्ये एका दिवसात दोन क्लोजिंग: शेवटचं गिऱ्हाईक कुठे शोधायचं

घर स्वस्तात घ्यायचा करार करायचा आणि ते लगेच पुढच्या गिऱ्हाइकाला विकायचं, हा माझा धंदा. माझा पहिला सौदा फिसकटला तेव्हा माझ्या यादीत ४१२ 'कॅश बायर', म्हणजे रोखीने घर घेणारे, होते. ह्यूस्टनच्या आग्नेय भागातलं १९५८ सालचं तीन बेडरूमचं घर, मालकीणबाईंशी ९७ हजार डॉलरचा करार. सगळ्या ४१२ जणांना मी ईमेल धाडली. अकरा जणांनी फोटो मागवले, तिघं घर बघून गेले, आणि त्यातला जो 'घेतो' म्हणाला त्याने क्लोजिंगच्या (पैसे देऊन घर नावावर करायच्या दिवसाच्या) आदल्या संध्याकाळपासून फोन उचलणं बंद केलं. अर्नेस्ट मनी, म्हणजे करारावर मी दिलेला इसार, गेला. त्याहून वाईट म्हणजे त्या बाईंनी सामानाचा ट्रक ठरवून ठेवला होता, आणि सौदा मोडल्याचा फोन त्यांना मला करावा लागला. नफ्याचे ११ हजार कशात गुंतवायचे यावर आमचे घरात वादही झाले होते. बाजारात तुरी नि भट भटणीला मारी, दुसरं काय!

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात: मूळ मालक 'ए', मधली मी 'बी', आणि शेवटी घर घेणारा 'सी'. सकाळी ए-कडून बी, दुपारी बी-कडून सी, दोन्ही खरेदीखतं एकाच टायटल कंपनीत (मालकी तपासून पैसे आणि कागद हाताळणारी कंपनी). नुसता करार सी-च्या नावे करून दिला तर खर्च कमी येतो, पण माझी फी हिशेबाच्या कागदावर सगळ्यांना दिसते. शिवाय काही विक्रेते, विशेषतः बँका, करार दुसऱ्याच्या नावे करूच देत नाहीत. तेव्हा दोन क्लोजिंग करावी लागतात.

सकाळच्या व्यवहाराला पैसे लागतात. ते एका दिवसापुरते उसने देणारे लोक आहेत, रकमेच्या टक्का-दोन टक्के घेतात. त्यांना माझा क्रेडिट स्कोअर बघायचा नसतो. ते एवढंच विचारतात, सी-ची पूर्ण रक्कम एस्क्रोमध्ये, म्हणजे टायटल कंपनीकडच्या राखीव खात्यात, आली का? आली नसेल तर माझी सकाळही होत नाही. सी-चेच पैसे ए-ला देऊन भागवू, असं काहींना वाटतं. माझी टायटल कंपनी त्याला साफ नकार देते. काही कंपन्या तर दुहेरी क्लोजिंगच करत नाहीत. हे करार करण्याआधी फोन करून विचारून घ्या.

म्हणजे सगळा डोलारा सी-वर उभा. राहायला घर शोधणारं कुटुंब इथे उपयोगाचं नाही. एफएचएचं (सरकारी विमा असलेलं) कर्ज घेणाऱ्याला, विकणाऱ्याच्या नावावर घर येऊन ९० दिवस झाल्याशिवाय ते सहसा घेताच येत नाही, आणि माझ्या नावावर ते जेमतेम तीन तास असतं. सी हवा तो रोख किंवा हार्ड मनीवाला (खासगी सावकाराकडून कर्ज घेणारा): दुरुस्त करून विकणारा, नाहीतर भाड्याने देणारा.

तो सापडतो सरकारी दप्तरात. टेक्सासमध्ये विक्रीची किंमत जाहीर होत नाही. खरेदीखतावर 'दहा डॉलर आणि इतर मोबदला' असलं काहीतरी छापलेलं असतं. तरी कोणी घेतलं हे दिसतंच. मी अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या (करासाठी घरांची किंमत ठरवणाऱ्या कार्यालयाच्या) साइटवर एकच झिप कोड घेऊन बसते. ज्या घराचा पत्ता वेगळा आणि मालकाचा टपालाचा पत्ता वेगळा, म्हणजे मालक बहुधा तिथे राहत नाही, ते बाजूला काढते. मग काउंटी क्लर्कच्या, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या कार्यालयाच्या, नोंदींत बघते: खरेदीखतासोबत गहाणाचा दस्त नाही म्हणजे बहुधा रोख, आहे आणि त्यावर खासगी सावकाराचं नाव आहे म्हणजे हार्ड मनी. मालक एलएलसी (एक प्रकारची कंपनी) असेल तर टेक्सास कॉम्प्ट्रोलरच्या (राज्याच्या कर खात्याच्या) साइटवर त्यामागचा माणूस सापडतो. सहा महिन्यांत एकाच भागात दोनदा घेतलेला माणूस दिसला की मी त्याला पत्र टाकते, हाताने लिहिलेलं. कंटाळवाणं काम आहे. माझ्या शेजारणीला वाटायचं मी अजून मास्टर्सचा प्रोजेक्टच करतेय.

दुसरी जागा काउंटीतला थकबाकीतल्या घरांचा लिलाव, महिन्याचा पहिला मंगळवार. सगळे जिंकणाऱ्याभोवती घोटाळतात. मी हरलेल्यांशी बोलते; त्यांच्या खिशात कॅशियर्स चेक (बँकेने हमी दिलेले) तसेच राहिलेले असतात.

आता माझ्या यादीत चौदा जण आहेत. नवीन माणसाला मी तीन गोष्टी विचारते: याआधी घेतलेल्या घराचा पत्ता (दप्तरात लगेच ताडून बघता येतो), पैसे कुठून येणार, आणि कुठली दुरुस्ती अजिबात नको. तिसऱ्या प्रश्नाला 'काहीही चालेल' म्हणणाऱ्याने बहुतेक एकही घर घेतलेलं नसतं. इथल्या चिकणमातीत घरांच्या पायाचे काँक्रीट स्लॅब खचतात, जुन्या घरांखाली ओतीव लोखंडाचे पाइप सडलेले असतात, हार्वी चक्रीवादळाच्या पुरात २०१७ साली किती पाणी होतं हे खरा घेणारा पहिल्या मिनिटाला विचारतो. प्रूफ ऑफ फंड्सचं (पैसे असल्याच्या पुराव्याचं) पत्र मी घेते, पण भरवसा ठेवते तो टायटल कंपनीत जमा झालेल्या, परत न मिळणाऱ्या अर्नेस्ट मनीवर. ती रक्कम माझा ऑप्शन पिरियड, म्हणजे थोडी फी देऊन घेतलेली करारातून बाहेर पडायची मुदत, संपायच्या आत यायला हवी. नाही आली तर मी ठरलेल्या मुदतीत ए-ला कळवून बाहेर पडते आणि नुकसान ऑप्शन फीपुरतं राहतं.

भावाचं गणित सी-च्या बाजूने करा. दुरुस्तीनंतर २ लाख २० हजारांना विकलं जाईल असं घर, त्याचे ७० टक्के (बाकी सी-चा खर्च आणि नफा) म्हणजे १ लाख ५४ हजार, त्यातून दुरुस्तीचे ४५ हजार वजा. त्याला ते १ लाख ९ हजारांपर्यंत परवडतं. माझा नफा आणि दोन्ही क्लोजिंगचा खर्च त्याच्या खाली बसला पाहिजे. दुरुस्ती ३० हजारांत होईल असं सांगून भाव चढवणाऱ्याला सी दुसऱ्यांदा फोन करत नाही.

ताकाला जाऊन भांडं लपवू नका. २०१७ पासून टेक्सासच्या कायद्यात, परवान्याशिवाय असा करार विकणाऱ्याने आपला हक्क कराराचा आहे, घराचा नाही, हे समोरच्याला सांगणं बंधनकारक आहे. मी जाहिरातीतच तसं लिहिते. ए-लाही करार करतानाच सांगते की मी पुढे विकणार आहे. एकदा एक आजोबा हसून म्हणाले, "मला माझी रक्कम मिळाल्याशी मतलब." इतर राज्यांत नियम वेगळे आहेत, इलिनॉयमध्ये वर्षात एकाहून जास्त असे सौदे केले तर परवाना लागतो.

आणि आपल्या मंडळींसाठी एक. मी हे एच-फोर ईएडीवर (एच-वन-बीवाल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर) सुरू केलं, त्यावर स्वतःचा धंदा चालतो. एच-वन-बीवर असलेल्यांनी घर घेऊन भाड्याने देणं निराळं आणि हे रोजचं गिऱ्हाईक शोधणं निराळं. व्हिसाच्या वकिलाला विचारल्याशिवाय यात उतरू नका. मिळालेल्या पैशावर साध्या आयकराशिवाय स्वयंरोजगाराचा १५.३ टक्के करही बसतो. वायर, म्हणजे बँकेतून थेट पाठवलेली रक्कम, आली की तिचा एक तृतीयांश मी त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकते. पहिल्या वर्षी टाकला नव्हता, आणि एप्रिलमध्ये भारताची तिकिटं रद्द करावी लागली होती.