मेर्क्लिनचे जुने पत्र्याचे रूळ पुन्हा चालू कसे करायचे

जर्मनीतल्या मेर्क्लिन या मॉडेल रेल्वेच्या कंपनीचे एम-ट्रॅक, म्हणजे खडीसारखा आकार दिलेल्या पत्र्यावर बसवलेले एचओ गेजचे (दोन रुळांमधे 16.5 मिमी अंतराचे) छोट्या गाड्यांचे रूळ, कुठे जुन्या खोक्यात मिळाले तर प्लीज भंगारात देऊ नका, वरचा गंज निघाला की हे मस्त चालतात. रुळांमधे दिसणाऱ्या बारीक टिकल्या हाच तिसरा रूळ. करंट तिथून इंजिनाच्या पोटाखालची पट्टी घेते आणि बाहेरचे दोन्ही रूळ मिळून परतीची वायर.

आधी सफाई. सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रूळ पुसा, मग टिकल्या एकेक करून. लोक रूळ चकाचक करतात आणि टिकल्या विसरतात, मग गाडी अडखळते. स्टील वूल अजिबात नको, त्याचे तंतू मोटरच्या चुंबकाला चिकटतात. तेलाचा स्प्रेही नको, धूळ बसते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जोडायच्या आधी प्रत्येक तुकडा वेगवेगळा मल्टिमीटरवर (करंटला वाट मिळाली की बीप देणाऱ्या मोडवर) तपासा, रूळ ते रूळ बीप यायलाच पाहिजे, रूळ ते टिकली बीप येता कामा नये. आलाच तर तुकडा उलटा करा, टोकाची मधली पत्र्याची जीभ वाकून बाजूच्या पत्र्याला टेकलेली असेल तर चिमट्याने हलकेच सरळ करा, नाहीतर तिच्याखालचं इन्सुलेशन फाटलंय का बघा. हे आधी केलं नाही तर अख्खा ट्रॅक जोडल्यावर शॉर्ट शोधत बसावं लागतं.

जोडताना सपाट जागेवर ठेवून सरळ रेषेत दाबायचं, पिळायचं नाही. 5100 नंबरचे 12 वळणाचे तुकडे जोडले की 360 मिमी त्रिज्येचं पूर्ण वर्तुळ होतं, लांबी हवी असेल तर मधे 5106 चे 180 मिमीचे सरळ तुकडे घाला. वायरिंग सोपंय, ट्रान्सफॉर्मरची लाल वायर मधल्या टिकल्यांना, ब्राऊन रुळांना.

ट्रान्सफॉर्मरबद्दल मात्र हट्टाने सांगतो, जुन्याची वायर कडक झाली असेल किंवा तडकली असेल तर प्लगला लावूच नका. अमेरिकेतून आलेला असेल तर तो 110-120 व्होल्टचा असतो, आपल्या 230 वर थेट जळणार. आणि गाडी एसीवर चालते, 16 व्होल्टपर्यंत, दिशा बदलायला साधारण 24 व्होल्टचा झटका. दोन रुळांच्या डीसी सिस्टीमचं इंजिन यावर चालत नाही.

पहिल्यांदा फक्त इंजिन हळू फिरवा, डबे नंतर. जिथे इंजिनाचा दिवा लुकलुकतो तिथल्या टिकल्या परत पुसा.