घाऊक भाजी स्वस्तात कशी घ्यावी? आधी वाटेकरी जमवा

कांद्याची ५० किलोची गोणी एकाच घरात उतरवली, तर ती स्वस्त पडत नाही. निम्मी संपेपर्यंत उरलेल्यांना कोंब फुटतात, एखादा सडतो आणि त्याच्या पाण्याने शेजारचे चार खराब होतात. घाऊक बाजारात किंवा ‘ना नफा ना तोटा’ भाजी बाजारात भाव खरोखरच कमी असतो. पण तो फायदा ताटापर्यंत पोचायचा, तर भाजी आणल्या दिवशीच वाटली गेली पाहिजे. म्हणून पिशव्या नंतर शोधा, आधी माणसं जोडा.

भांडुपला आम्ही सहा घरं मिळून हे करतो. भिशीसारखीच पाळी असते. चारपेक्षा कमी घरं असली की गोणी जड जाते आणि दहाच्या वर गेली की वाटण्यात अख्खी दुपार जाते. मागणी शुक्रवारी रात्रीपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची, पैसेही तेव्हाच द्यायचे. पैशाचा नियम कडक ठेवा. वीस-तीस रुपयांच्या उधारीवरून शेजारपण बिघडताना मी पाहिलं आहे. मुंबईला ही कल्पना नवी नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून कुटुंबांचे गट करून वाणसामान एकत्र खरेदी करते आणि सभासदच ते वाटून घेतात. आपण तेच भाजीला लावायचं.

खरेदी कुठे करायची?

२०१६ मध्ये राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. त्यामुळे शेतकऱ्यांच्या गटांना शहरात थेट विकणं सोपं झालं. मैदानात किंवा सोसायटीच्या आवारात ठरावीक वारी भरणारा शेतकरी आठवडे बाजार तुमच्या भागात आहे का, ते आधी विचारा. काही ठिकाणी मंडळं, बचत गट किंवा सामाजिक संस्था शेतकऱ्याकडून गाडी मागवतात आणि आल्या भावात विकतात.

अशा बाजारात घासाघीस करू नका. भावात सोडण्यासारखं तिथे काही ठेवलेलंच नसतं. आणि एक गोष्ट मनापासून सांगते: ऐनवेळी जाऊन दोन-तीन क्रेट उचलू नका. रांगेत मागे उभ्या असलेल्या बाईला दोन किलो टोमॅटो हवे असतात आणि तिच्यासाठीच तो बाजार भरलेला असतो. दोन दिवस आधी आयोजकांना भेटून सांगा, “दादा, आम्हाला एक क्रेट टोमॅटो आणि एक गोणी बटाटा लागेल.” मग तेवढा माल गाडीत जादा येतो, शेतकऱ्याचा खप वाढतो आणि कुणाचा वाटा कमी होत नाही.

कांदा-बटाट्यासाठी मात्र वाशीच्या बाजार आवाराला तोड नाही. तिथे कांदा-बटाटा, भाजीपाला, फळं, मसाला आणि धान्य असे पाच वेगळे बाजार आहेत, तेव्हा कुठल्या फाटकातून शिरायचं ते ठरवून जा. भाजीपाल्याचा मुख्य व्यवहार पहाटेच होतो. उजाडल्यावर निवांत निघालात तर निवडून उरलेला माल मिळेल. कांद्या-बटाट्याच्या गाळ्यावर सहसा सुटं मिळत नाही, गोणीच घ्यावी लागते.

निघण्याआधी हिशेब करा. राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोजची आवक आणि भाव क्विंटलमध्ये दिलेले असतात. त्याला शंभराने भागलं की किलोचा भाव कळतो. समजा कांदा क्विंटलला २४०० रुपये आहे. म्हणजे ५० किलोची गोणी १२०० रुपयांना. हमाली आणि टेम्पोचा या गोणीच्या वाट्याचा खर्च २०० धरा, खराब निघणारे २ किलो वजा करा. १४०० भागिले ४८, म्हणजे किलोला साधारण २९ रुपये. दारावरच्या भाजीवाल्याचा भाव ३२ असेल तर एवढी दगदग करू नका, त्याच्याकडूनच घ्या. ४० असेल तर जरूर जा.

माल पारखताना वरच्या थरावर जाऊ नका. पहिल्या पावसाळ्यात मी टोमॅटोचं क्रेट नुसतं वरून बघून घेतलं होतं. वर लालबुंद, कडक फळं; घरी पालथं केलं तर तळाशी फुटलेले, आंबूस वास येणारे टोमॅटो. पाचएक किलो टाकून द्यावे लागले आणि सहा घरांना तोंड दाखवायला संकोच वाटला. तेव्हापासून मी क्रेटच्या कडेने हात तळापर्यंत घालते. कांद्याच्या गोणीचा खालचा कोपरा ओलसर लागतो का ते बघा, नाक लावून वास घ्या. कांद्याची मान बारीक आणि सुकलेली हवी. हिरवट झाक आलेला बटाटा नको. पालेभाजीची जुडी उलटी करून देठाकडून बघा, सड तिथूनच सुरू होते. भर पावसाळ्यात तर पालेभाजी घाऊक घेऊच नका. चिखल आणि पाण्याचंच वजन भरतं, दुसऱ्या दिवशी काळी पडते.

साठवायचा कांदा एप्रिल-मेमध्ये घ्या. उन्हाळी कांदा नीट ठेवला तर पावसाळाभर टिकतो. थंडीच्या तोंडाला येणारा लाल कांदा काही आठवड्यांतच हातचा जातो, तो लागेल तेवढाच आणा. मुंबईच्या दमट हवेत कांदा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका. बारदानावर किंवा जाळीच्या टोपलीत पसरा, आठवड्यातून एकदा चाळवा. बटाटे त्याच्यापासून लांब, अंधारात ठेवा. उजेडात ते हिरवे पडतात.

वाटप जिन्याखाली किंवा गॅलरीत, सगळ्यांसमोर, काट्यावर करा. आधी लहान-मोठं वेगळं करा आणि प्रत्येक वाट्यात दोन्ही घाला. नाहीतर पहिल्या येणाऱ्याला चांगलं आणि शेवटच्याला चुरा मिळतो. डागाळलेला पण खाण्याजोगा माल वेगळा काढा. ज्याला त्याच दिवशी सार किंवा सांबार करायचं आहे त्याला तो वाट्याव्यतिरिक्त द्या. किती आलं, किती खराब निघालं आणि कुणाकडे काय उरलं, ते वहीत लिहा. गेल्या महिन्यात आमच्याकडे तीन घरांत कोबी उरला होता. वहीत ते दिसलं, म्हणून या वेळी यादीतून कोबी काढला आणि दुधी घेतला. वाटप आटोपलं की काटा आणि वही पुढच्या पाळीच्या घरी पोचती करायची.